मदत हवी आहे: आजीची तांब्याची किटली

आमच्या गुहागरच्या घरी माळ्यावर आजीची तांब्याची किटली सापडली. आमसुलाने घासल्यावर पोट लख्ख निघालं, पण आतली कल्हई पार उडालीय, तोटी बुडाशी झिरपते आणि लाकडी मूठ वाळवीने खाल्लेली. झाकणाची बोंडी तर कधीच गेली. तिथे कोणीतरी सुपारीएवढा बूच तारेने बांधलाय! (आजोबांचंच काम, दुसरं कोण.)

मूठ आणि बोंडी फणसाच्या लाकडाची हाताने करतोय. पहिली मूठ कडीच्या भोकाशी चिरली. फणस वाफेला टिकेल की शिसवीच घेऊ?

खरी अडचण तोटीची. शिशाचा डाख (सांधा जोडायला वितळवून ओततात तो धातू) चहाच्या भांड्याला नको आहे. पितळी डाख द्यायचा तर कल्हईच्या आधीच द्यावा लागेल, कारण त्याला खूप जास्त आच लागते आणि कल्हईचं कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळतं. पण पत्रा पातळ आहे, भोक पडेल अशी धास्ती वाटते. असं काम कोणी केलंय का?

चिपळूण ते रत्नागिरी पट्ट्यात जुना तांबट किंवा कल्हईवाला अजून बसतो का? बाजारात विचारलं तर "नवीन स्टीलची घ्या" म्हणतात.