पैशाचा मुद्दा ठीक, पण वेदनेचं काय?

ट्रॉफी हंटिंगच्या (म्हणजे डोकं-कातडं आठवण म्हणून ठेवायला पैसे भरून केलेल्या शिकारीच्या) शुल्कातून जंगल राखायला पैसा मिळतो आणि फरसाठी लावलेल्या सापळ्यात जनावर पटकन मरतं, असं शिकारीचे समर्थक म्हणतात. पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, नामिबियात गावांना त्यातून उत्पन्न मिळतं. पण म्हणून मारायची रीत तपासायचीच नाही? झिंबाब्वेतला सिसिल नावाचा सिंह २०१५ मध्ये अशाच एका ट्रॉफी शिकाऱ्याचा बाण लागल्यावर कित्येक तास जखमी अवस्थेत जिवंत होता. धनुष्यबाणानेच मारायचं, ही निव्वळ शिकाऱ्याची हौस!

दुसरा मुद्दा तर साफ चूक. पाय पकडणारा सापळा मारण्यासाठी नसतोच, तो धरून ठेवतो. पोलादी जबड्यात पाय अडकलेला कोल्हा किंवा बॉबकॅट (अमेरिकेतलं रानमांजर) सुटायला धडपडतो, लोखंड चावून दात मोडून घेतो, कधी स्वतःचाच पाय कुरतडतो. अमेरिकेतल्या काही राज्यांत सापळा दोन-तीन दिवसांनी तपासला तरी नियमात बसतं. शेवटी कातड्याला भोक पडू नये म्हणून अनेकदा गोळीऐवजी डोक्यात दांडा घालतात नाहीतर गळा आवळतात. बीव्हरला (नदी-तळ्यात राहणारा, फरसाठी मारला जाणारा प्राणी) पाण्याखाली अडकवून बुडवतात, आणि तो तर पंधरा मिनिटांपर्यंत श्वास रोखू शकतो. त्याला किती वेळ कळत असेल, विचार करा.

शिवाय सापळ्याला निवड कळत नाही, त्यात पाळीव कुत्री आणि गरुडही सापडतात. युरोपीय संघाने १९९१ मध्ये कायदा करून १९९५ पासून हे पाय पकडणारे सापळे बंद केले. मग बाकीच्यांना काय अडचण आहे?