आईची टीएमटी (पट्ट्यावर चालवून ईसीजी काढतात ती हृदयाची टेस्ट) पॉझिटिव्ह आलीये, थेट अँजिओग्राफी करायची का?

केतकी_सातारा
आई ५४ वर्षांची, शुगर नाही, बीपीची गोळी चालू. जिना चढताना धाप लागते म्हणून डॉक्टरांनी टीएमटी करायला सांगितली. सात मिनिटं चालली, छातीत दुखलं नाही, पाय भरून आले म्हणून थांबवलं, आणि रिपोर्टवर 'माइल्डली पॉझिटिव्ह'. मामा म्हणतो उद्याच मुंबईला नेऊ. काय समजायचं?

पट्टेवाला
ताई मी टीएमटीच करतो रोज. नुसता पॉझिटिव्ह शब्द वाचून काही ठरवू नका. ब्रूस प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे टीएमटीच्या ठरलेल्या पद्धतीत, दर तीन मिनिटांच्या स्टेजला पट्ट्याचा स्पीड पण वाढतो आणि चढ पण, सातव्या मिनिटाला आई साडेपाच किमीच्या स्पीडने १४ टक्के चढावर होती, या वयात हे चांगलंच आहे. आता रिपोर्टात बघा हार्ट रेट कुठवर गेला, २२० वजा वय म्हणजे १६६, त्याचे ८५ टक्के म्हणजे साधारण १४१ तरी हवा. मग एसटी (ईसीजीच्या रेषेचा एक भाग) किती मिमी खाली गेली, कितव्या मिनिटाला, आणि थांबल्यावर किती वेळात जागेवर आली. पहिल्या-दुसऱ्या स्टेजलाच २ मिमी खाली आणि चालताना बीपी पडलं असेल तर मात्र अजिबात वेळ घालवू नका.

मृणाल_के
बायकांमध्ये टीएमटी खोटी पॉझिटिव्ह यायचं प्रमाण जास्त असतं. माझ्या सासूबाईंचं पण असंच, मग स्ट्रेस इको (व्यायाम करवून हृदयाची सोनोग्राफी) केली, त्यात व्यायामानंतर हृदयाची भिंत नीट हलते का ते दिसतं, नॉर्मल निघाली. अँजिओग्राफीआधी हे विचारा नक्की.

सह्याद्री७
पण धाप लागतेय ते विसरू नका हं. माझ्या भावाची टीएमटी निगेटिव्ह होती आणि वर्षाच्या आत अ‍ॅटॅक आला. चालताना रक्त कमी पडेल एवढा मोठा ब्लॉक असला तरच ही टेस्ट पकडते, लहान ब्लॉक अचानक फुटून त्यावर गुठळी झाली तर आधी काहीच दिसत नाही.

केतकी_सातारा
बघितलं. हार्ट रेट १४८, एसटी १ मिमी, सहाव्या मिनिटानंतर, दोन मिनिटांत नॉर्मल. गुरुवारची कार्डिओलॉजिस्टची वेळ घेतलीये.

पट्टेवाला
बरं केलंत. जाताना पहिलं पान नको, सगळे ग्राफ न्या, आणि बीपीची गोळी कोणती ते पण सांगा, काही गोळ्यांनी हार्ट रेट वरच जात नाही. मधे छातीत दाबल्यासारखं झालं, घाम फुटला तर गुरुवारची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत न्या.