मेळघाटात रेंज गेल्यावर चालणारा नकाशा कोणता? मदत हवी आहे

मंडळी, पुढच्या शनिवारी आई-बाबांना घेऊन नागपूरहून निघतोय. अमरावती, परतवाडा, चिखलदरा मुक्काम, दुसऱ्या दिवशी सेमाडोहवरून कोलकास. गाडी छोटी, फोन अँड्रॉइड. चिखलदऱ्यापर्यंत चिंता नाही, पुढे जंगलात रेंजचा भरवसा नाही. इंटरनेटशिवाय रस्ता दाखवणारं, फुकटातलं ॲप सुचवा.

विचारायचं कारण असं. दिवाळीआधी रामटेककडून पाहुण्यांच्या गावी निघालो होतो. फोनमधली बाई म्हणाली उजवीकडे वळा, वळलो. थोड्या वेळात डांबर संपलं, मग मुरूम संपला, उरली पांदण. दोन्हीकडे तूर, मधे बैलगाडीच्या चाकोऱ्या, आणि काळ्या मातीत पुढचं चाक रुतलेलं. पडद्यावरची निळी रेघ मात्र निवांत पुढे गेलेली! एक आजोबा आले, गाडीकडे बघून म्हणाले, "काहून आले बाप्पा इकडून? हा रस्ता तं माह्या वावरात जाते." त्यांनीच ट्रॅक्टर लावून गाडी ओढली. तेव्हापासून मी फोन हातात घेतला की बाबा विचारतात, "आज कोणाच्या वावरात?"

गुगल मॅप्सवर भाग उतरवून ठेवता येतो हे माहीत आहे. ऑर्गॅनिक मॅप्स, ऑसमँड ही नावं नुसती ऐकली आहेत. पांदण आणि डांबरी सडक यातला फरक यांपैकी कोणाला कळतो?

भटक्या: ऑर्गॅनिक मॅप्स घ्या. जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनीच भरलेला. मार्गाच्या सेटिंगमध्ये कच्चे रस्ते टाळायची सोय आहे, ती चालू करा. अर्थात रस्ता कच्चा आहे हे कोणी नोंदवलंच नसेल तर ॲप बिचारं काय करणार! महाराष्ट्रासोबत मध्य प्रदेशचा नकाशाही उतरवा, मेळघाटाला लागूनच हद्द आहे. ऑसमँडही चांगलं, पण त्यातल्या सेटिंगा बघूनच डोकं फिरतं.

शुभदाताई: गुगलचा भागही उतरवाच. नेट नसताना त्यात गाडीचाच रस्ता मिळतो, पायवाट नाही आणि ट्रॅफिकही नाही. जुना उतरवलेला असेल तर अपडेट करा, त्याची मुदत संपते. आणि निघण्याआधी घरीच एअरप्लेन मोड लावून दोन्ही ॲप चालवून बघा. आमचं शहाणपण सेमाडोहला पोचल्यावर उघडं पडलं होतं, नकाशा अर्धाच उतरला होता.

काटोलरोडवाला: जीपीएसला रेंज लागत नाही, सिग्नल थेट उपग्रहाकडून येतो. फक्त कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती फोन एरवी नेटवरून घेतो. ती नसली की आपली जागा सापडायला वेळ लागतो. म्हणून परतवाड्यात रेंज असतानाच ॲप सुरू करून मार्ग लावा. पेट्रोलही तिथेच भरा भाऊ, पुढे पंप शोधत बसू नका.

धागाकर्ता: ताई, आत्ताच गच्चीवर जाऊन एअरप्लेन मोड लावून पाहिलं, चाललं! ऑर्गॅनिक मॅप्समध्ये आधी आजोबांचं वावर शोधलं. ती पांदण तिथे तुटक रेघेने काढलेली आहे. बाबांना दाखवली. ते म्हणाले, "आता हेच आईच्याही फोनमध्ये टाक, तुझी बॅटरी संपली तर?" टाकतोय.