अ‍ॅडव्होकसीला मराठी शब्द: पैरवी, कैवार की सरळ भांडणं?

उंबरठा:
नमस्कार, एक अडचण आलीये म्हणून धागा काढतेय. मी पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांच्या एका संघटनेसाठी अधूनमधून भाषांतरं करते. आत्ता एक प्रशिक्षण पुस्तिका आहे, वस्तीवस्तीतल्या प्रतिनिधी बायकांसाठी. त्यात वाक्य आहे की प्रत्येक प्रतिनिधीने आपल्या भागातल्या सभासद बायकांसाठी 'अ‍ॅडव्होकसी' करावी. मी 'पैरवी' लिहिलं. मसुदा मीटिंगमधे वाचून दाखवला तर एकजण म्हणाली, पैरवी म्हणजे काय ओ ताई? मी समजावलं, की समजा एखादीला आजारपणात कामावरून काढलं, पगार अडकवला, तर तिच्या वतीने मालकिणीशी बोलायचं, वॉर्ड ऑफिसला जायचं, गरज पडली तर मोर्चा. ती म्हणाली, "म्हणजे भांडायचंच ना, मग तसं लिवा की."
मी 'भांडणे' लिहिलं आणि पुस्तिका तपासणाऱ्या बाईंनी ते खोडलं. म्हणाल्या, आपल्या बायकांना आधीच भांडखोर म्हणतात, आपणच छापून का द्यायचं. दोघींचंही पटतंय आणि मी अडकलेय. काय लिहू?

शब्दनिष्ठ:
पैरवी हिंदीतून आलेला आहे, तो नकोच. 'पक्षसमर्थन' हा नेमका आणि आपला शब्द आहे. 'प्रतिपादन'ही चालेल.

उंबरठा:
पक्षसमर्थन वाचलं की पहिला प्रश्न येणार कुठला पक्ष. निवडणुकीच्या आसपास तर नक्कीच येणार. नको.

दूरदेशी:
पैरवी मुळात फारसी, हिंदीत तिथूनच आला. पै म्हणजे पाऊल, माग. कुणाच्या मागोमाग जाणं म्हणजे पैरवी. गंमत बघा, आपला 'पाठपुरावा' जवळपास त्याच कल्पनेवर उभा आहे, आणि तो शब्द सगळ्या बायकांना माहिती असतो कारण रेशनकार्डापासून सगळीकडे तेच करावं लागतं. पाठपुरावा लिहा.

उंबरठा:
पाठपुरावा अर्जाचा, फायलीचा होतो. बाईचा पाठपुरावा केला म्हणलं तर अर्थच बदलतो :( शिवाय त्यात समोरच्याशी तोंडावर बोलणं येत नाही, आणि इथे तेच सगळ्यात अवघड काम आहे.

खानदेशी:
कैवार का नको? कैवार घेणे. जुना, घरगुती, कोणालाही कळेल असा शब्द.

रिळखातं:
कैवारात एक मेख आहे. कैवार नेहमी दुसऱ्याचा घेतात, आणि घेणारा वरचा असतो, दीनदुबळ्यांचा कैवारी वगैरे. 'मी स्वतःचा कैवार घेतला' असं मराठीत कोणी म्हणत नाही. रदबदलीचं तेच, वजन असलेला माणूस कुणासाठी तरी शब्द टाकतो ती रदबदली. युनियनमधे बायका एकमेकींसाठी आणि स्वतःसाठी बोलतात. भांडणं हे क्रियापद मात्र दोन्हीकडे चालतं, मी माझ्या पगारासाठी भांडले, मी तिच्या पगारासाठी भांडले. व्याकरणानेच कौल दिलाय.
माझी आजी लालबागला, गिरणीत रिळिंग खात्यात होती. तिच्या तोंडी 'नायकीण' शब्द यायचा, बायकांच्या खात्यावरची मुकादम बाई म्हणजे नायकीण. कामावर घ्यायचं तर तिची दस्तुरी, म्हणजे तिचं कमिशन, द्यायला लागायची. आम्हाला लहानपणी वाटायचं नायकीण म्हणजे लीडर, पुढारीण. आजी चिडायची, म्हणायची नायकीण मालकाची, पुढारीण आपली. कोर्टकचेरीच्या भाषेत नायकिणीचा तिसराच अर्थ होता, नाचगाणं करणारी. बाईला अधिकार मिळाला की शब्दाला असा काहीतरी डाग लावूनच ठेवायचा ही जुनी रीत आहे. गिरणी संपात पार्वतीबाई भोर, उषाताई डांगे या कामगार पुढारणींबरोबर बायका उतरल्या तेव्हा त्या एकतर रणरागिणी नाहीतर भांडकुदळ, मधलं साधं काही नाहीच. संपातल्या पुरुषाला कोणी भांडकुदळ म्हणलेलं मी तरी ऐकलं नाही.

पेठकर:
भांडी घासणारी ती भांडणार, मूळ एकच असावं असं मला कायम वाटत आलंय.

दूरदेशी:
नाही हो, भांडं हे संस्कृत भाण्डवरून आणि भांडण भण्डनवरून, दोन वेगळे शब्द. आणि हे जोडणं बायकांच्या बाबतीत बरं वाटत नाही.

पेठकर:
मान्य, मागे घेतो. पण मूळ पोस्टमधे 'घरकाम करणाऱ्या बायका' असं लांबलचक का लिहिलंय? मोलकरीण लिहायला संकोच, आणि सरकारी 'घरेलू कामगार' तर हिंदीच. घरकामगार हा शब्द सुटसुटीत आणि सन्मानाचा आहे.

शब्दनिष्ठ:
सहमत. 2008 च्या कायद्याचं नावच 'महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम'. राज्याच्या कायद्यात घरेलू! कोणी आक्षेपसुद्धा घेतला नाही याचं वाईट वाटतं.

चारकामं:
मी इथे सहसा लिहित नाही पण आता लिहिते. माझ्या आईने 26 वर्षं धुणंभांडी, केरफरशी केली, एकावेळी पाच पाच कामं धरलेली असायची. मोलकरीण शब्दात कमीपणा आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी तो शब्द फोडून बघा, मोल आहे त्यात. मोल घेऊन काम करते ती. मोलमजुरीतलं मोल. मराठी बायबलातसुद्धा मेंढपाळाच्या समोर मोलकरी उभा केलाय, पगारावर राखणारा, म्हणजे शब्द फक्त बायकांचा नव्हताच, पुरुषाचा गळून पडला आणि बाईचा राहिला.
आणि घरकामाचं ऐका. माझ्या शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय या रकान्यात मी 'घरकाम' लिहिलं, क्लार्कने खोडून 'गृहिणी' केलं. त्याच्या मते मी चुकले होते. आई घरी आल्यावर तिला सांगितलं तर ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर शाळेत आली, चार कामांवर न जाता, आणि त्याला म्हणाली मोलकरीण लिहा. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, मैत्रिणी ऐकत होत्या. आता वाटतं की मी पाहिलेली पहिली अ‍ॅडव्होकसी ती.
1980 ला पुण्यात बायकांनी उत्स्फूर्त संप केला आणि संघटना बांधली तिचं नाव 'पुणे शहर मोलकरीण संघटना'. बायका त्याच नावाखाली रस्त्यावर आल्या. आता आपण त्यांना सन्मान द्यायला नवा शब्द आणणार, तर आधी त्यांना विचारा तरी.

उंबरठा:
हे वाचून थांबलेच जरा. धन्यवाद लिहिल्याबद्दल.

पेठकर:
तुमच्या आईंबद्दल आदर आहेच, पण हाक मारताना आज कोणी मोलकरीण म्हणतं का? आमच्या सोसायटीत मावशी म्हणतात, ताई म्हणतात. हा बदल चांगला नाही का?

चारकामं:
मावशीला बोनस मागता येत नाही ना. मावशी आजारी पडली तर चार दिवसांचे पैसे कापतात आणि भाच्याला वाईट वाटत नाही. नातं लावलं की मोलाचं बोलणं अवघड होतं, हे आईचं म्हणणं होतं.

रिळखातं:
तंतोतंत. अंगणवाडीच्या 'सेविका' आणि 'मानधन' घ्या. सेवा म्हणलं की पगार नाही, मान आणि थोडं धन. ग्रॅच्युइटी मिळायला 2022 मधे सुप्रीम कोर्टाचा निकाल यायला लागला.

दूरदेशी:
कामगार शब्दाचाही प्रवास गमतीशीर आहे. जोतीरावांच्या लिखाणात कामगार म्हणजे सरकारी अंमलदार, हुद्द्यावरचा माणूस. फारसीत कामगार म्हणजे भाग्यवान, इच्छा पुरी झालेला, पण त्यातला काम वेगळा, म्हणजे इच्छा. शब्द हुद्द्यावरून गिरणीच्या साच्यावर आला, आता घरात यायला काय हरकत आहे. 2011 च्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 189 क्रमांकाच्या ठरावातसुद्धा हाच मुद्दा आहे, घरात काम करणारा माणूस कामगारच, त्याला इतर कामगारांसारखे हक्क.

शब्दनिष्ठ:
ठराव नव्हे, 'अभिसंधी'. ठराव वेगळा.

खानदेशी:
करार म्हणा की. मूळ प्रश्न काय होता विसरलो आपण, अ‍ॅडव्होकसी.

उंबरठा:
मी विसरले नाहीये, सोमवारी छापायला जायचंय. आज परत मीटिंगला गेले होते. तपासणाऱ्या बाईंना रिळखातं यांचा व्याकरणाचा मुद्दा सांगितला, त्या विचार करते म्हणाल्या. तिथे बायकांनीच 'हक्कासाठी भांडणे' सुचवलं, पण एकीला ते पटलं नाही. ती म्हणाली मालकिणीसमोर हक्क शब्द काढला की दार लागतं, तिथे 'बोलणी करायची' म्हणावं. यावरून त्यांच्यातच अर्धा तास चालला आणि मी गप्प बसून लिहून घेत होते.
आणि नवीन अडचण: सुट्टीच्या प्रकरणात 'पगारी रजा' लिहिलंय. रजा शब्द कोणीच वापरत नाही, सगळ्या 'खाडा' म्हणतात. एकजण म्हणाली 'महिन्याचे चार हक्काचे खाडे' लिहा. पण खाडा म्हणजे तर पैसे कापायचा दिवस ना?

पेठकर:
खाडा हा खड्ड्यावरून असावा, हजेरीतला खड्डा.

खानदेशी:
आमच्याकडे दांडी म्हणतात. खाडा ऐकलाय पण तो दूधवाल्याचा, कॅलेंडरवर फुली मारतो तो.

चारकामं:
आई स्वतःच्या खाड्यांच्या फुल्या वेगळ्या ठेवायची. मालकीण पाच म्हणाली तर दाखवायला, की तीनच आहेत. हक्काचे खाडे लिहा.