दोन आवारांत काम करणाऱ्यांनी बसावे कोठे?

प्रश्न: नमस्कार. मी आठवड्यातील तीन दिवस साताऱ्याच्या आणि दोन दिवस कऱ्हाडच्या आवारात शिकवते. सुमारे ५० किलोमीटरच्या प्रवासाबद्दल माझी तक्रार नाही. परंतु कऱ्हाडला मला टेबल नाही, कुलूप लागणारे कपाट नाही, आणि त्यामुळे चाचणीच्या उत्तरपत्रिका, लॅपटॉप व डबा हे सारे ओझे प्रत्येक तासाला सोबत न्यावे लागते. प्रशासनाकडे नेमके काय मागावे?

उत्तर १: ताई, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांचा आधार घ्या. शिक्षकाने रोज किमान ५ तास संस्थेत उपलब्ध असावे, असे त्यांत आहे. पण त्यासाठी आवश्यक जागा व सुविधा संस्थेने पुरवावी, हेही तेथेच म्हटले आहे, आणि नेमका तोच भाग दुर्लक्षित राहतो. अर्ज लेखी द्या व पोच घ्या.

उत्तर २: मी ग्रंथालयात काम करतो, सांगली आणि मिरज अशी माझी दोन ठिकाणे आहेत. विनियमांतील ही तरतूद शिक्षकांपुरती आहे, म्हणून आम्हा शिक्षकेतरांचा उल्लेख अर्जात आवर्जून करावा, ही विनंती. आमच्याकडे एक रिकामी खोली सामाईक म्हणून मिळाली, प्रत्येकाला किल्लीचा कप्पा मिळाला. मात्र माझ्या मते खरा दिलासा वेळापत्रकाने दिला: एकाच दिवशी दोन्हीकडे काम लावणे बंद झाल्यावर जेवायला वेळ मिळू लागला.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. सोमवारी आम्ही सर्वजण मिळून अर्ज देत आहोत. त्यात प्रयोगशाळा परिचरांचीही नावे असतील.