प्रति: तरुण मंडळी चर्चला का येत नाहीत?

"स्क्रीन लावा, गिटार आणा, उपासना तासाभरात आटोपा, पोरं येतील" असं वर एका दादांनी लिहिलंय. आमच्या साताऱ्यात हे सगळं करून झालं. गिटारवाला पोरगा नोकरीला पुण्याला गेला, स्क्रीनवर आता वर्गणीची यादी दिसते.

मला वाटतं, प्रश्न वाजंत्रीचा नाहीच, दाराचा आहे. आतला कोण, बाहेरचा कोण?

मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ साली मिशनची नोकरी सोडून याच गावात राहिले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनीही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसायचं, अशी ती कल्पना. ज्या माणसाने १८९५ मध्ये बाप्तिस्म्यापायी बायको-मुलापासून ताटातूट सोसली, त्यानेच हे म्हणावं! (आपण त्यांची भजनं गातो, हा भाग सोयीस्करपणे विसरतो.) १९१९ मध्ये ते गेले आणि गोष्ट अर्धीच राहिली.

आमच्या मंडळीत एक सून आहे, हिंदू घरातली. दर रविवारी नवऱ्यासोबत येते, अर्धी गीतं तिला तोंडपाठ. पण तिचा बाप्तिस्मा झालेला नाही, म्हणून प्रभुभोजनाचं (ख्रिस्ताच्या आठवणीत वाटल्या जाणाऱ्या भाकरीचं) ताट तिच्यासमोरून पुढे सरकतं तेव्हा ती खाली बघत पदर नीट करत बसते. पाळकसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, "नियम आहे." नियम मलाही माहीत आहे. पण तिची मुलगी आता नववीत आहे आणि ती हे दर वेळी बघते. यंदा ती पोरगी यायचीच बंद झाली.