गाडी रात्रीत बसते : आधी टेप की आधी गॅरेज?

मुलुंडचा_मावळा

मंडळी, आधी मत मांडतो, मग शिव्या घाला. सेकंडहँड फोर बाय फोर घेतली आणि तिला एअर सस्पेन्शन असेल, म्हणजे ती स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी फुग्यांवर उभी असेल आणि रात्रीत बसत असेल, तर दोष कुठे आहे ते गॅरेजात जायच्या आधी घरी शोधायलाच हवं. हौस म्हणून नाही. गॅरेजवाला गाडी बघतो ती दिवसा, इंजिन चालू असताना, फार तर अर्धा तास. हवा गळते ती रात्रभर, गाडी बंद असताना. आजार रात्रीचा आणि डॉक्टर सकाळच्या पाळीचा.

माझी बारा वर्षं जुनी डिझेल आहे, कंपनीचं नाव घेत नाही. घेतल्याच्या तिसऱ्या सकाळी पुढून डावीकडे नमस्कार घातल्यासारखी बसलेली. एका गॅरेजात गाडी नीट न बघताच निकाल लागला : कॉम्प्रेसर (फुग्यांत हवा भरणारा पंप) गेला, पुढचे दोन्ही फुगे बदला. आकडा ऐकून घरी आलो आणि शिवणाच्या डब्यातली टेप काढली.

चाकाच्या बरोबर मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्यायचं, चारही कोपऱ्यांत. जमिनीपासून नाही, नाहीतर टायरमधली हवाही हिशेबात घुसते. रात्री दहाला एकदा, सकाळी सहाला एकदा. पहिल्या दोन रात्री चारही कोपरे खाली आले, बोध शून्य. मग कळलं की ही गाडी लॉक करून झोपवली तरी मध्येच जागी होते, सगळ्यात खाली गेलेला कोपरा बघते आणि बाकीचे तीन त्याच्या बरोबरीला उतरवते. चोरी एकाची, शिक्षा चौघांना. सस्पेन्शनच्या कंट्रोल युनिटचा फ्यूज काढून ठेवला, तेव्हा प्रत्येक कोपरा खरं बोलला : पुढचा डावा ३८ मिमी, बाकीचे तिघे ४-५. ते ४-५ मी सोडून दिले. तापमान ३३ वरून २५ अंशांवर आलं की आतली हवा अडीच टक्क्यांच्या आसपास आकसते, तेवढं बसणारच.

मग भांड्यांचा साबण पाण्यात कालवून फवारा मारला. फुगा कोरडा. बुडबुडे आले ते नळी फुग्याच्या माथ्यात शिरते त्या जोडातून. हवा सोडली, नळीचं टोक ब्लेडने काटकोनात कापलं, परत बसवलं. दोन आठवडे झाले, गाडी रात्रीत बसलेली नाही. फुगे तेच, कॉम्प्रेसर तोच.

कुर्ला_सीएसटी_रोड

साहेब, अभिनंदन. आता धंद्यातल्या माणसाचं ऐका. वीस वर्षं हेच करतोय. जोड सुटलेला निघणं ही लॉटरी आहे, ती तुम्हाला लागली म्हणून सगळ्यांना तिकीट काढायला सांगू नका.

फुग्याचं रबर खाली दुमडून गुंडाळलेलं असतं. गाडी वर-खाली झाली की ती घडी सरकते. बारीक चिरा पडतात त्या त्या घडीवर. गाडी नेहमीच्या उंचीवर असताना चीर घडीत दबलेली राहते आणि ऑफरोडच्या उंचीवर नेली की तोंड उघडते. तुम्ही फवारा किती उंचीवर मारला? एकाच ना? मग "फुगा कोरडा" म्हणजे "फुगा चांगला" हे तुम्ही कुठून काढलंत?

आणि "कॉम्प्रेसर तोच" हे छाती फुगवून सांगू नका. रोज सकाळी ३८ मिमी भरून काढताना त्याचा जीव गेलाय. तो सलग पळण्यासाठी बनवलेलाच नाही, गरम झाला की स्वतःच थांबतो. आतल्या पिस्टनची सील झिजली ती झिजली. गळती बंद केलीत, झीज कोण बंद करणार?

शेवटचं, आणि हे रागाने लिहितोय. या सिस्टीमच्या टाकीत १० बारच्या वर हवा असते. तुमच्या टायरमध्ये सव्वादोन-अडीच असते. हे वाचून उद्या एखादं पोरगं नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरेल आणि नट ढिला करेल. फुगा रिकामा झाला की अडीच टनांची गाडी विचारून खाली येत नाही. तुमच्या एवढ्या लांबलचक पोस्टमध्ये लोखंडी घोडीचा, म्हणजे उचललेल्या गाडीखाली लावायच्या स्टँडचा, एक शब्द नाही.

मुलुंडचा_मावळा

घोडीचं मान्य, कान पकडतो. दोन घोड्या लावल्या होत्या, लिहायचं राहिलं. वर उचलायच्या आधी फ्यूजही काढलेला होता, नाहीतर जॅकवर असताना ती स्वतःला समतल करायला बघते.

बाकी मान्य नाही. तुम्ही म्हणता झीज झालीच असेल. असेल! पण त्या गॅरेजने ती मोजली होती का? त्याने अंदाज केला आणि त्याचं बिल मला लावलं. मी अंदाज केला तर तो माझा रविवार जातो.

लोअरपरळ_तेविसावा

तुम्हा मुलुंडकरांचं बरं आहे, उघडं पार्किंग आणि चार झाडं. आमच्याकडे गाडी लोखंडी पाळण्यावर चढते आणि कुठल्यातरी मजल्यावर जाऊन बसते. रात्री दहाला माप घेईन, सकाळी सहाला कोण घेणार, लिफ्टचा ऑपरेटर? आणि सकाळी बसलेली गाडी पाळण्यावरून उतरवताना पुढचा बंपर खरवडतो तो वेगळाच.

चाक काढून बसलो तर दहा मिनिटांत सेक्रेटरींचा फोन येतो. पार्किंगमध्ये दुरुस्तीला बंदी, नोटीस लावलेली आहे. मुंबईत "घरी करा" म्हणणं म्हणजे "अंगणात आंबा लावा" म्हणण्यासारखं आहे. सल्ला छान, अंगण कुठाय?

डेपोतला_म्हातारा

आम्ही एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य काढलं. शिवनेरीच्या व्होल्वोचे फुगे हाताळलेले आहेत, म्हणून दोन शब्द.

रात्री बस थोडी बसली तर आम्ही कधी घाबरलो नाही. सकाळी इंजिन लावलं की हवा भरते. आमची भीती वेगळी होती, पाणी. जुलैमधली मुंबईची हवा म्हणजे अर्धं पाणीच. आम्ही टाकीच्या तळाचा ड्रेन उघडून पाणी सोडायचो. तुमच्या गाडीचे लाड कोण करणार? तिथे कॉम्प्रेसरला चिकटून ड्रायर असतो, आत ओलावा शोषणारे दाणे. आत जाणारी हवा त्यातून सुकून जाते. गाडी तुम्ही बटण दाबून खाली घेता तेव्हा तीच कोरडी हवा उलट त्याच दाण्यांतून बाहेर पडते आणि त्यांना परत सुकवते.

आता विचार करा. हवा फुग्यातून किंवा जोडातूनच पळाली, तर ती परतीच्या वाटेवर येतच नाही. दाणे ओलावा पितच राहतात, सुकत कधीच नाहीत. मग त्यांचं पीठ होतं आणि पीठ व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणजे प्रत्येक फुग्याची हवा सोडणाऱ्या-अडवणाऱ्या झडपांच्या ठोकळ्यात, जाऊन बसतं. एक व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि मग फुगा, नळी, जोड सगळं चांगलं असूनही कोपरा बसतो. साबणाच्या पाण्याला तो दोष दिसणार नाही. गळती बंद केलीत हे उत्तम, पण दाणे बदलल्याशिवाय काम पुरं झालं असं समजू नका. टेपच्या बाजूने आहे मी. टेपवर थांबण्याच्या विरोधात आहे.

लॅमिंग्टनवाला

सगळे हवेच्या मागे लागलेत, विजेचं कोणीच बोलत नाही. गाडी वाकडी दिसते पण रात्रीत एक मिलिमीटर हलत नाही, अशाही केस असतात. तिथे हवा निर्दोष असते. उंची मोजणाऱ्या सेन्सरची बारीक दांडी गंजून अडकते किंवा तुटते, गाडीला खोटी उंची कळते आणि ती इमानदारीने वाकडी उभी राहते. पाणी साचलेल्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या गाडीत हे होणारच.

दुसरं, रिले, म्हणजे कॉम्प्रेसरची वीज चालू-बंद करणारा स्विच. गाडी लॉक केल्यावरही कॉम्प्रेसर घरघरत राहिला तर रिलेचे पॉइंट चिकटलेत. काही शे रुपयांचा डबा, तो वेळेत बदलला नाही तर कॉम्प्रेसर घेऊन जातो. नवीन कॉम्प्रेसर लावून जुना रिले तसाच ठेवणारे महाभाग पाहिलेत.

गाडीतले दोष वाचणारा स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर घेऊन "एकही दोषाचा कोड नाही" म्हणून खूश होऊ नका. तो बहुतेक वेळा फक्त इंजिनशी बोलतो. सस्पेन्शनच्या युनिटशी बोलणारा, त्या कंपनीच्या गाड्यांसाठीचाच स्कॅनर लागतो.

स्प्रिंगच_खरी

इतका अभ्यास केला असता तर मी आरटीओ इन्स्पेक्टर झालो असतो. चारही फुगे काढा, कॉइल स्प्रिंग घाला, झोपा. माझी चार वर्षं तशीच चालतेय, खोपोलीचा घाट असो की चिपळूणची वाट.

मुलुंडचा_मावळा

@स्प्रिंगच_खरी, मग ही गाडी घेतलीच कशाला? उंची बदलणं गेलं, लोड टाकल्यावर समतल राहणं गेलं, डॅशबोर्डवरचा दिवा विझवायला वेगळी खटपट. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ फेरफाराबद्दल काय म्हणतं ते एकदा वाचा. अपघातानंतर विमावाला ते नक्की वाचतो.

@डेपोतला_म्हातारा, काका, हे परतीच्या हवेचं मला खरंच माहीत नव्हतं. ड्रायर उघडतो.

स्प्रिंगच_खरी

विमावाला वाचेल तेव्हा वाचेल. रात्री दोनला तुमचा कॉम्प्रेसर घरघरला की खालच्या मजल्यावरचे जोशी आजोबा रोज उठतात, त्यांचं काय?

मुलुंडचा_मावळा

कुर्ल्याच्या दादांनी डिवचलं म्हणून काल दोन गोष्टी केल्या. पूर्ण खालून पूर्ण वर यायला किती वेळ लागतो ते मोजलं. वर गेली, पण शेवटच्या टप्प्यात दोनदा थांबून, दम खाऊन. मग ऑफरोडच्या उंचीवर पुन्हा फवारा मारला. पुढचा डावा कोरडा. मागच्या उजव्या फुग्याच्या घडीवर मात्र बारीक फेस, शेवयांसारखा. हा कोपरा मी कधी संशयितांत धरलाच नव्हता, कारण नेहमीच्या उंचीवर तो ५ मिमीच बसतो. ते ५ मी तापमानाच्या खात्यात टाकले होते.

तेव्हा दादा, फुग्याबद्दल तुम्ही बरोबर, कॉम्प्रेसरबद्दलही बहुतेक. पण फुगा मागचा एक आहे, पुढचे दोन नाहीत. त्या गॅरेजच्या यादीत हा नव्हताच.

कुर्ला_सीएसटी_रोड

ते मी पण नाकारत नाही. एकच फुगा बदलू, जोडीचा दुसरा बघून ठरवू. कॉम्प्रेसर आधी उघडून सील बघतो, दाणे बदलतो, रिले नवीन टाकतो. मंगळवारी आणा, तुमची मापांची वही पण आणा. आणि निघताना फ्यूज लावायला विसरू नका.